घाबरलेल्यांचा सत्कार

४ एप्रिल

छोट्या,

पोचलास का? काल फोनवर तुझं "ठीक आहे, ठीक आहे" ऐकलं आणि फोन ठेवल्यावर मला काहीच ठीक वाटेना. त्या चौकीत एकच फोन, मागे रांग, कुणीतरी सारखं खोकतंय, आणि तू पन्नाशी उलटलेला माणूस पाठ केलेली कविता म्हणावी तसा बोलत होतास. तुला लहानपणापासून तोंडाने खोटं बोलता येतं, लिहून मात्र जमत नाही. लगेच शुद्धलेखन चुकतं. म्हणून हे पत्र. वर जाणाऱ्या रोजच्या बसमधून टपाल येतं हे मी विचारून ठेवलंय. फोन कर, पण लिहीसुद्धा.

कमरेतलं हे नवं हाड नसतं तर मीच आले असते. डॉक्टर म्हणतो, बसचा एक खड्डा लागला की तुम्ही पुन्हा माझ्या टेबलावर. आयुष्यभर दुसऱ्यांना "पडून राहा" म्हणत आले, आता स्वतः पडून राहायचं तर जीव नुसता फडफडतो.

तुझ्या भाचीचा, खारूचा, शेवटचा निरोप तुला माहीत आहेच. "मी आणि लंब्या उद्या वर निघतोय, महिना संपायच्या आत खाली." महिना संपला. आधी वाटलं, वाऱ्यापावसात अडकली असतील. मग वाटलं, निरोप आणणारा माणूसच अडकला असेल. आता मला काही वाटून घ्यायला उरलेलं नाही, म्हणून तुला पाठवलं. चष्म्याचं दुकान बंद ठेवावं लागलं तुला. वहिनी काही बोलली का? बोलली असली तर तिचं बरोबर आहे.

इकडे शाळेत वीस तारखेची धांदल. दरवर्षीप्रमाणे जुन्या विद्यार्थ्यांचा आणि कर्मचाऱ्यांचा सत्कार, आणि यंदा एकाच घरातल्या दोघी. मी सेवेसाठी, कारण आजाऱ्यांची खोली इतकी वर्षं सांभाळली. आणि खेळासाठी खारू आणि लंब्या. माजी विद्यार्थी मंडळाचे कार्यवाह काल मानपत्राचा कच्चा मसुदा घेऊन आले होते. त्यात लिहिलंय, "अजिंक्य शिखर सर करून परतलेले". मी म्हटलं, "अहो, परतलेले कुठे? अजून वरच आहेत." तर म्हणतात, "सिस्टर, छपाईला आधी द्यावं लागतं. फलक तर गेल्या महिन्यातच रंगवून झाला. खारू-लंब्यालाही निघायच्या आधीच कळवलं होतं, तेवढाच त्यांना हुरूप." मी मान हलवली. चहा देताना कप बशीवर इतका वाजला की त्यांनीच उठून घेतला.

लंब्याच्या वडिलांकडे मी अजून गेलेले नाही. बायको गेल्यापासून स्टुडिओच्या वरच्या दोन खोल्यांत बापलेक दोघंच. शाळेचे सगळे ग्रुप फोटो त्यांनीच काढलेले. वर पाठवायला त्यांच्याकडे कुणी नाही. तू दोघांच्याही वतीने गेला आहेस हे लक्षात ठेव.

मला फार भीती वाटते रे. दारावरची घंटा वाजली की आधी भिंत धरते, मग दार उघडते.

ताई


६ एप्रिल

ताई,

तुझी वहिनी काही बोलली नाही, उलट माझे लोकरी मोजे शोधून दिले. दोन्ही वेगळ्या रंगांचे.

मला खोली मिळालीय ती लोखंडी सामानाच्या दुकानावर. रात्रंदिवस दोरखंड आणि रंगाचा वास. खिडकीतून डोंगर दिसतो. मी पडदा ओढून घेतो, पण पडदा छोटा आहे.

शोधपथकाची प्रमुख एक बाई आहे, आपल्या धाकट्या मावशीएवढी बुटकी. नाकाची सालं निघालेली, आवाज अगदी शांत. मी पहिल्या दिवशी तिच्या मागे मागे फिरून इतकं भंडावलं की तिने विचारलं, "तुम्हाला काय करता येतं?" म्हटलं, चष्मे. तिने पथकाच्या गॉगलांचा ढीगच पुढ्यात टाकला. कुणाचा स्क्रू गेलेला, कुणाची काच सैल. आता मी चौकीच्या बाकावर बसून तेच करतो.

बातमी चांगली आहे. काल आकाश मोकळं होतं, हेलिकॉप्टर वर जाऊन आलं. त्यांचा तंबू दिसला. लाल रंगाचा, बरोबर ठरलेल्या जागी. म्हणजे जागा तरी कळली. पथकप्रमुख म्हणते की अशी पोरं अनुभवी असतात, आठवडाभर जास्तीचं खाणं बरोबर ठेवतात. तेव्हा दोघंही सूखरूप असतील असं धरून चालायला काही हरकत नाही. तू जेवत जा. काठी टेकूनच चाल.

स्टुडिओवाल्यांना माझा नमस्कार सांग आणि हेच सांग.

छोट्या


८ एप्रिल

छोट्या,

"सुखरूप" चुकलंय.

तुझं पत्र मी कितीदा वाचलं असेल ते सांगत नाही. तंबू दिसला म्हणतोस. उभा होता की पडलेला? हेलिकॉप्टर एवढा आवाज करतं, मग तंबूतून कुणी बाहेर का आलं नाही? दोन ओळींत हात हलवणारं एक माणूस तू लिहिलं असतंस, दिसलं असतं तर. मी रुग्णांच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे शिकून म्हातारी झाले. "जागा तरी कळली" असलं वाक्य आम्ही कधी वापरतो ते मला विचार.

काल शाळेत गेले. रिक्षाने गेले, रागावू नकोस. कार्यवाहांचा फोन आला होता की जरा येऊन जाल का, शब्दांचा प्रश्न आहे. तिथे मोठ्या बाईही बसलेल्या. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्या खुर्चीत पाठ टेकून बसत नाहीत, काल मात्र टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि हात धरल्याबरोबर मला कळलं. कार्यवाह फाइलकडे बघत म्हणाले, "म्हणजे देव न करो सिस्टर, पण मानपत्रात एक शब्द वाढवावा लागला तर तो आत्ताच…" तो शब्द त्यांनी उच्चारला नाही. मरणोत्तर. मीच म्हणाले तो. कार्यवाहांनी फाइल मिटली.

मी म्हटलं, "वीस तारखेपर्यंत मानपत्राला कुणी हात लावायचा नाही."

बाहेर पडले ती सरळ सभागृहात. फलक बघायला. आपल्या लहानपणापासून भिंतीवर आहे तोच, काळ्या लाकडावर सोनेरी अक्षरं. सगळ्यात खाली दोघांची नावं, पुढे शिखराचं नाव आणि साल. रंगारी शिडीवर बसून वरची जुनी नावं उजळत होता. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. मी नावांकडे बघतेय हे पाहून सहज म्हणाला, "ते दोघे हरवलेत म्हणे. पण काळजी नाही बाई, नावांच्या अलीकडे जागा आहे. एक अक्षर आणि एक टिंब आरामात बसेल."

मी तिथेच पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले. तो बिचारा शिडीवरून उतरून पाणी आणायला धावला, त्याला वाटलं रंगाच्या वासाने झालं.

परतताना स्टुडिओवरून रिक्षा गेली. दार उघडं, आत दिवा, ते काउंटरमागे उभे. मी रिक्षा थांबवली नाही. तुझा निरोपही सांगितला नाही. खोटा निरोप कसा सांगू?

आता खरं लिही. तुला माझी शपथ.

ताई


१० एप्रिल

ताई,

शपथ घालायला नको होतीस.

तंबू फाटलेला आहे. एक बाजू वाऱ्याने उडवून नेलीय. पथकातले दोघं तिथवर चढून गेले. आत झोपायच्या पिशव्या होत्या, स्टोव्ह होता, खारूची लोकरी टोपी होती. माणसं नव्हती. त्याचा अर्थ काय म्हणून मी विचारलं. पथकप्रमुख म्हणाली, "एकतर ती शिखराकडे निघाली तेव्हा तंबू धड होता आणि मागाहून फाटला. नाहीतर तंबू फाटला म्हणून ती अंधारात बाहेर पडली." मी विचारलं, यातलं बरं कोणतं? ती म्हणाली, "दोन्ही नाही."

तंबूच्या वरच्या अंगाला एका कड्याशी दोर सापडलाय. कापलेला नाही, तुटलेला नाही. गाठ सोडून नीट गुंडाळून ठेवलेला. हे कुणालाच समजत नाहीये.

आणि कालपासून वारा इतका आहे की शोध थांबवलाय. खिडकीची काच रात्रभर दाताखाली खडा आल्यासारखी कर्कर करते. पथकातली पोरं चौकीच्या खोलीत बसून आहेत. त्यांच्या डोळ्यांत मी बघत नाही, गॉगल बघतो. एकही गॉगल आता दुरुस्तीचा उरला नाही तरी मी स्क्रू काढून पुन्हा लावत बसतो.

दुपारी चौकीत स्टुडिओवाल्यांचा फोन आला. मला बोलावलं. म्हणाले, "माझा मुलगा कसा आहे?" असं विचारलं जसं काही तो माझ्या शेजारी बसलाय आणि मी फोन त्याच्या हातात देणार आहे. मी "वारा आहे" एवढंच म्हणालो. ते म्हणाले, "तो वाऱ्याला भीत नाही." मग बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.

ताई, मला इथे फार भीती वाटते. हे तुला लिहायला नको, पण आणखी कुणाला लिहू?

छोट्या


११ एप्रिल

छोट्या,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय. इकडेही वारा सुटलाय. एवढासाच आहे, गच्चीवरचे कपडे हलतात इतका. पण मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्यात आणि खारूच्या खोलीत जाऊन तिची पांघरुणं उन्हात घातली, मग वारा आहे म्हणून आत आणली, मग पुन्हा घातली. शेजारीण म्हणाली, "बसा जरा." बसता येत नाही. बसलं की ती दिसते, आणि ती दिसते ती थंडीने निळी पडलेली. काय काय होतं ते क्रमाने माहीत असणं हा माझ्या पेशाचा शाप आहे. आधी बोटं, मग बोलणं अडखळतं, आणि अगदी शेवटी गरम वाटायला लागतं.

गरम वाटायला लागू नये तिला. एवढंच मागते.

ताई


१४ एप्रिल

ताई,

फोनवर "सापडली, जिवंत आहे" एवढं बोललो आणि तू "लंब्या?" विचारलंस. मी फोन पथकप्रमुख बाईच्या हातात दिला. आता सगळं लिहितो. आज शुद्धलेखनाची काळजी नाही.

वारा पडल्यावर ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाने गेले. तिकडे मेंढपाळांची एक दगडी झोपडी आहे, थंडीत रिकामीच असते. तिथे ती होती. वाट चुकून भलत्याच बाजूला उतरली होती. झोपडीतलं जुनं गवत अंगावर घेऊन पडलेली, मेंढपाळांनी मागे ठेवलेलं पीठ बर्फाच्या पाण्यात कालवून खात होती. पथकातल्या मुलाने हाक मारली तर म्हणाली, "दार लावा, थंडी येते." आपली खारूच.

हेलिकॉप्टरने इथल्या इस्पितळात आणलंय. डाव्या पायाची बोटं काळी पडलीत. तीन काढावी लागतील म्हणतात, कदाचित सगळी. हाताची वाचतील. हा डॉक्टर वयाने पोरगेलाच आहे पण हाताने बरा वाटतो. तू त्याला फोनवर फैलावर घे, म्हणजे माझी सुटका.

ती मला ओळखते, जेवते, आणि कुणी खोलीचं दार जोरात लावलं की ओरडते. काल दुपारी ती बोलली. मधे एकदाही थांबली नाही.

तंबू धड होता तेव्हाच ती दोघं वर निघाली. कड्याशी पोचली तेव्हा वारा वाढायला लागला होता. तिथे तिचे पाय थांबले. ती म्हणाली, "लंब्या, मला भीती वाटते. मला पुढे जायचं नाही. आपण उतरू या." तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. तो म्हणाला, "मलाही वाटते. सकाळपासून हात कापतायत, गाठ बसत नव्हती." ती म्हणाली, "मग चल खाली." तो म्हणाला, "खाली फलक रंगवून ठेवलाय आपला. बाबा त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढणार आहेत. आता काय सांगायचं त्यांना?" त्यानेच गाठ सोडली, दोर नीट गुंडाळून तिच्यासाठी ठेवला, आणि म्हणाला, "तू इथेच थांब, मी शिखराला शिवून येतो." ती थांबली. बर्फात खड्डा करून, कड्याला पाठ लावून, पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवशी जमेल तेवढा वेळ. मग हाका मारत उतरली. तंबू फाटलेला, वाट पुसलेली.

तो दिसलाय, ताई. हेलिकॉप्टरमधून. कड्याच्या खाली, फार खोल. तिथून त्याला आणता येणार नाही. स्टुडिओवाल्यांना हे चौकीतून अधिकृतपणे कळवलंय.

पण फलकाचं त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ते फक्त खारूला, मला आणि आता तुला माहीत आहे. सांगायचं की नाही ते तू ठरव. माझ्यात ती ताकद नाही.

छोट्या


२१ एप्रिल

छोट्या,

काल कार्यक्रम झाला. तिला घेऊन येण्याआधी तुला कळावं म्हणून लिहितेय. तिला काय वाचून दाखवायचं आणि काय नाही ते तू बघ.

मी जाणारच नव्हते. आनंद झाला होता मला, छोट्या. माझी पोर जिवंत आहे याचा आनंद इतका होता की मला त्याचीच भीती वाटायला लागली. हा चेहरा घेऊन त्या माणसासमोर कशी बसू? मोठ्या बाईंना फोन केला, कार्यक्रम पुढे ढकला म्हटलं. त्या म्हणाल्या, "त्यांनीच सांगितलंय, ढकलू नका. ते येणार आहेत." मग मला घरी बसता येईना.

व्यासपीठावर खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या शेजारची त्यांची. ते आले ते पांढऱ्या शर्टात, कॅमेरा नाही. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या सभागृहात कॅमेऱ्याशिवाय पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. मी एवढी घाबरले होते की माझी काठी दोनदा हातातून सुटली, आणि दोन्ही वेळा त्यांनीच वाकून उचलून दिली.

मानपत्र मोठ्या बाईंनी वाचलं. चांगलं वाचलं. लंब्याच्या नावाच्या आधी तो शब्द आला तेव्हा त्यांचा आवाज कापला. आणि मग दोघांबद्दल एक वाक्य, "भीती ज्यांना कधी शिवली नाही".

स्टुडिओवाले माझ्याकडे झुकले. पुटपुटले, "खरं आहे का हे? तुमच्या मुलीनं काही सांगितलं असेल."

खोटं बोलले असते तर ते कायमचं झालं असतं. मी म्हटलं, "नाही. दोघंही घाबरली होती."

"तोही?"

"तोही. त्यानं तिला सांगितलं तसं. हात कापतात म्हणाला."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, चुकले, बापाला हे सांगायला नको होतं. पण त्यांचे खांदे खाली आले, जसं कुणीतरी पाठीवरचं ओझं उतरवलं. मग डोळे न उघडताच विचारलं, "मग गेला कशाला?"

छोट्या, उत्तर आमच्या पाठीमागच्या भिंतीवर होतं, सोनेरी अक्षरांत. आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं.

शाल नाही, काही नाही, एक छोटं लाकडी चिन्ह हातात दिलं आणि म्हणाले, दोन शब्द बोला. मी काही ठरवून गेले नव्हते. मी म्हटलं, "मी आजाऱ्यांची खोली सांभाळायची. शर्यतींच्या दिवशी तिथे फार गर्दी व्हायची. पोटात दुखतंय, डोकं दुखतंय. तापमापी लावली तर ताप नसायचा. ती मुलं आजारी नसायची, घाबरलेली असायची. काहींना पाणी पाजून मी मैदानात परत पाठवायची. काहींच्या वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यायची की हे मूल आज पळणार नाही. ती मुलं मग खिडकीशी पडून शर्यत बघायची. त्यांतलं कुणी मेलं नाही. मला सेवेबद्दल मान देता आहात, तर माझी सेवा एवढीच होती. म्हणून एक मागते. ते भीतीचं वाक्य मानपत्रातून काढा. माझी मुलगी घाबरली होती म्हणून ती आज आहे. आणि तो घाबरलेला असूनही गेला. त्याला भीती नव्हती असं म्हणू नका, त्यानं त्याची किंमत कमी होते."

कुणाला काय करावं कळेना. मागे कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मधेच थांबलं. कार्यवाहांनी गडबडीने माईक घेऊन बाहेर चहाची व्यवस्था आहे असं जाहीर केलं. मोठ्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी पेन काढून व्यासपीठावरच त्या वाक्यावर रेघ मारली. जाड मारली.

मी काठी टेकत खाली उतरले. स्टुडिओवाले पायरीशी थांबले होते. मला वाटलं, आता पुन्हा विचारतील. त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "ती घरी आली की मी येऊ का? मला तिच्याकडून ऐकायचंय. सगळं."

मी "या" म्हटलं. आणि तेव्हापासून पुन्हा तीच भीती, नव्या जागी. तिला ते झेपेल का? त्यांना झेपेल का?

तिला हळू आण. बसने नको.

ताई


९ जून

मामा,

आई म्हणते तुला फोनवर माझं "ठीक आहे" पुरत नाही. घे, लिहिते.

पाय भरत आलाय. कुबडीवर मी आता आईपेक्षा वेगात चालते, पण जिना उतरताना पहिल्या पायरीवर थांबते. आपल्याच घराचा जिना, मामा. आई मागे उभी राहते. मग मी उतरते.

स्टुडिओवाले काका रोज येतात. दुपारी दुकान बंद ठेवायची त्यांची वेळ असते तेव्हा. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की आईला म्हटलं, मी झोपलेय असं सांग. आईने सांगितलं नाही. ते माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, "सुरुवातीपासून सांग. सामान भरलंत तिथपासून."

तसंच सांगायला लागले. ते बारीकसारीक विचारतात. तंबूत उजेड कुठून यायचा, पहाटे बर्फाचा रंग कसा असायचा, लंब्या कोणत्या बाजूला झोपायचा. तो स्टोव्हवर मोजे जाळायचा हे सांगितलं तेव्हा हसले. मी पण हसले, आणि लगेच भीती वाटली की हसायला नको होतं. ते म्हणाले, "हस. घरीसुद्धा जाळायचा."

पण रोज एका जागी आलं की ते हात वर करायचे. "आज इथवर पुरे." पहिल्यांदा शेवटच्या मुक्कामाशी. मग तिथल्या रात्रीशी. मग सकाळी निघालो तिथे. मला प्रत्येक वेळी सुटल्यासारखं वाटायचं. ते गेले की मी आईला म्हणायची, उद्याही तिथेच थांबतील बघ, कड्यापर्यंत येणारच नाहीत. आई म्हणायची, "येतील. त्यांना वेळ लागेल."

परवा ते आले, बसले, पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "आता पुढचं सांग."

मी सांगितलं. दोर, गाठ, त्याचे हात. मी काय म्हणाले, तो काय म्हणाला. फलकाशी आले तेव्हा मी थांबले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, नकारही दिला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तेही सांगितलं. बाबा फोटो काढणार आहेत, आता काय सांगायचं त्यांना, हे सगळं त्याच्याच शब्दांत.

मला वाटलं उठून जातील, किंवा मला मारतील, आणि मी बसल्या जागी अंग आकसून घेतलं. मग ते म्हणाले, "त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, हात हलवत परत आलास तरी चालेल."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं काका. खूप वेळा."

"तू नव्हे गं," ते म्हणाले. "मी."

नंतर ते रडले. आई येऊन त्यांच्या शेजारी बसली, ती नर्स बसते तशी, जवळ पण हात न लावता. मी पण रडले. डोंगरावरून आल्यापासून पहिल्यांदा.

जाताना दारात त्यांनी विचारलं, "उद्या येऊ ना?"

सांगण्यासारखं माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "या."

काल आले होते. नुसते बसले.

खारू